‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मधल्या जागा आणि माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चार्ल्स डिकन्सची ही कादंबरी मी बऱ्याच जणांना वाचायला दिली, काहींच्या शेजारी बसून वाचली, आणि दर वेळी फिरून फिरून तेच प्रश्न येतात. एवढी वर्णनं कशाला, ती थांबलेली घड्याळं म्हणजे नक्की काय, खरा शेवट कुठला. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतेय.

जागेची प्रतिमा म्हणजे काय? ते वर्णनच असतं ना?

वर्णन असतंच, पण नुसतं वर्णन म्हणजे खोलीत काय काय आहे ते सांगणं, टेबल आहे, खुर्ची आहे, खिडकी आहे. प्रतिमा सुरू होते ती खुर्ची कशासारखी दिसते हे सांगितल्यावर. जॅगर्स वकिलाच्या ऑफिसातली खुर्ची उंच पाठीची, घोड्याच्या काळ्या केसांच्या कापडाने मढवलेली, कडेने पितळी खिळ्यांच्या रांगा, आणि कादंबरीचा नायक पिप याला ती शवपेटीसारखी वाटते. आता यातून खुर्ची कळली, जॅगर्सही थोडा कळला कारण त्याच्याकडे येणारी माणसं फाशीच्या उंबरठ्यावर उभी असतात, आणि तिसरं म्हणजे पिप कळला, कारण त्या खुर्चीत शवपेटी बघणारा तो आहे, दुसऱ्या कुणाला ती नुसती खुर्चीच दिसली असती. हे तिसरं बहुतेक जण विसरतात. आणि इथे तर विसरून चालतच नाही, कारण अख्खी गोष्ट पिप स्वतः ‘मी’ म्हणून सांगतो, तेही मोठा झाल्यावर मागे वळून बघत. त्यामुळे प्रत्येक जागेत दोन माणसं असतात, एक तिथे राहणारं आणि एक तिच्याकडे बघणारं.

बाकी एवढ्या क्लासिक कादंबऱ्या असताना हीच का?

कारण यात जवळजवळ प्रत्येक माणसाला स्वतःची एक जागा दिलेली आहे आणि त्या जागा परत परत येतात. गोष्ट तशी साधी आहे. इंग्लंडमधल्या केंट परगण्यातला अनाथ पिप मोठ्या बहिणीकडे वाढतो, बहिणीचा नवरा ज्यो गार्जरी लोहार. लहानपणी पिप एका पळालेल्या कैद्याला मदत करतो, पुढे मिस हॅविशम या श्रीमंत विक्षिप्त बाईच्या सॅटिस हाउस या घरी खेळायला जायला लागतो, मग अचानक कुणीतरी गुपचूप पैसा पुरवतं आणि तो ‘जंटलमन’ व्हायला लंडनला जातो. ५९ प्रकरणं, तीन टप्पे. पहिला गावातला, दुसरा मुख्यतः लंडनचा, तिसऱ्यात दोन्ही जागा एकमेकींत मिसळतात.

अजून एक कारण आहे. ही कादंबरी डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ अशी डिकन्सच्याच ‘ऑल द इयर राउंड’ साप्ताहिकात दर आठवड्याला थोडी थोडी आली. मला वाटतं म्हणूनच प्रत्येक जागेला एखादी अशी वस्तू आहे जी आठवडाभर डोक्यातून जात नाही, एक केक, एक तोफ, भिंतीवरचा एक तेलकट डाग. वाचकाने जागा चटकन ओळखली पाहिजे ना.

इथे स्पॉयलर आहेत का?

हो, सगळे. पैसा कुणाचा होता तेही पुढे येणार आहे, त्यामुळे पहिल्यांदाच वाचणार असाल तर आधी पुस्तक वाचा आणि मग या.

पहिल्याच पानावर थडगी, दलदल, वारा. एवढं उदास का सुरू होतं?

ते पान मी किती वेळा वाचलं असेल माहीत नाही, पण दर वेळी थांबायला होतं. नाताळच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ, लहानगा पिप चर्चच्या स्मशानात एकटा, समोर आईवडिलांचा दगड आणि शेजारी पाच भावांचे दीड दीड फुटाचे छोटे दगड. आईबाप कसे दिसायचे हे त्याला माहीत नाही, एकही चित्र नाही, म्हणून तो दगडावरच्या अक्षरांच्या वळणावरून त्यांचे चेहरे ठरवतो. वडिलांच्या नावाची अक्षरं बघून वाटतं ते चौकोनी, जाडजूड, सावळे, कुरळ्या केसांचे असणार. म्हणजे जागेवरून माणूस ओळखायचा हा खेळ कादंबरीत सगळ्यात आधी पिपच खेळतो आणि त्यात सपशेल चुकतोही, अक्षरांवरून चेहरा थोडाच कळतो. पुढची सगळी कादंबरी याच चुकीवर उभी आहे असं मला मनापासून वाटतं, कारण मोठेपणीही तो घरं बघून माणसांबद्दल असेच अंदाज बांधतो.

आणि मग ते एक लांबलचक वाक्य येतं ज्यात पिपला पहिल्यांदा आपलं जग कळतं. हे झुडपांनी भरलेलं म्हणजे स्मशान, पलीकडचा काळा सपाट पसारा म्हणजे दलदल, त्याच्या पलीकडची शिशासारखी रेघ म्हणजे नदी, दूरची ती रानटी गुहा जिथून वारा धावून येतोय ती म्हणजे समुद्र, आणि हे सगळं बघून रडायला आलेलं, कुडकुडणारं छोटंसं गाठोडं म्हणजे पिप. यादी जागांची चाललीय आणि त्यात शेवटची वस्तू तो स्वतः! नकाशावर खूण करावी तसं तो स्वतःला सगळ्यात शेवटी, सगळ्यात लहान असं मांडतो. ‘मी घाबरलो होतो, मला कुणी नव्हतं’ असं दहा वाक्यांत सांगून जे झालं नसतं ते इथे एका यादीत होतं. लगेच कैदी मॅग्विच येतो आणि पिपला उचलून उलटा करतो, तेव्हा चर्चचा कळस त्याला पायाखाली दिसतो. पुढे आयुष्यात काय होणार ते तिथेच दिसलं.

धुक्यात फाटकं आणि बांध पिपवर ओरडतात, बैल त्याच्याकडे रोखून बघतो. हे भुताखेताचं काही आहे का?

नाही नाही. घरातलं खाणं आणि ज्योची कानस चोरून पिप पहाटे मॅग्विचसाठी निघालाय, मनात चोरी आहे, म्हणून धुक्यातून अचानक समोर येणारी प्रत्येक गोष्ट ‘पकडा त्याला’ म्हणतेय असं वाटतं. एका काळ्या बैलाच्या गळ्याला पांढरा पट्टा आहे तर तो त्याला थेट पाद्रीबाबाच वाटतो, आणि पिप त्या बैलासमोर सफाई द्यायला लागतो की मी स्वतःसाठी नाही घेतलं हो. सगळी दलदल म्हणजे त्याची सदसद्विवेकबुद्धी झालीय. लहान मुलाची अपराधी भावना इतकी जवळून दाखवलेली मी फार कमी ठिकाणी वाचलीय, आणि बघा की भावनेचं नाव क्वचितच घ्यावं लागतं.

सॅटिस हाउसमधली थांबलेली घड्याळं सगळ्यांना माहीत आहेत. त्यापलीकडे त्या घरात बघण्यासारखं काय आहे?

पुष्कळ आहे. आधी घड्याळांचं सांगून टाकते. नऊला वीस कमी. मिस हॅविशम लग्नासाठी तयार होत असताना नवऱ्यामुलाचं पत्र आलं की तो येत नाही, ती हीच वेळ, आणि तेव्हापासून घरातली घड्याळं बंद, दिवसाचा उजेड बंद, अंगावर तोच पिवळा पडलेला लग्नाचा पोशाख, एका पायात बूट आणि दुसरा बूट टेबलावर. त्या दुसऱ्या बुटाकडे नीट बघा. घड्याळ थांबवणं हे नाटक असू शकतं, कुणीही दुःखात असं करेल, पण वर्षानुवर्षं एकाच पायात बूट घालून राहायचं म्हणजे रोज सकाळी तो निर्णय परत घ्यावा लागतो. तिचं दुःख तिच्यावर नुसतं कोसळलेलं नाही, ती ते जोपासतेय. हे मला तरी त्या बुटावरून कळलं.

मग घराचं नाव. मिस हॅविशमने दत्तक घेतलेली मुलगी एस्टेला पिपला सांगते की सॅटिस म्हणजे ‘पुरेसं’, ज्याच्याकडे हे घर असेल त्याला आणखी काही नको असणार असा त्याचा अर्थ होता. आणि तिथे राहणाऱ्या कुणालाच काही पुरत नाही. बाईला सूड पुरत नाही, नातेवाईकांना पैशाची आशा पुरत नाही, पिपला तर तिथे पाऊल टाकल्यापासून आहे ते सगळंच अपुरं वाटायला लागतं.

शेजारची ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, पण विसरू नका. बंद पडलेली, तबेल्यात घोडे नाहीत, कोठारात माल्ट नाही, पिंपांना बिअरचा वाससुद्धा नाही. या घराचा पैसा तिथून आला होता, लोक तिथे कामं करत होते. काम थांबलं आणि फक्त पैसा उरला, त्या पैशावर बाई अंधारात बसून राहू शकते. ज्योची भट्टी रोज पेटते आणि ही ब्रुअरी थंड पडलीय, हा फरक डिकन्स कुठेही मोठ्याने बोलून दाखवत नाही.

आणि उजेड. त्या अंधाऱ्या बोळातून एस्टेला हातात मेणबत्ती घेऊन पुढे चालते आणि पिप मागून येतो, आणि एकदा त्याने हाक मारल्यावर तिचा उजेड त्या बोळातून येताना त्याला एखाद्या तारकेसारखा दिसतो. एस्टेला या नावातच तारा आहे. सुंदर, लांब, आणि ऊब मात्र काहीच देत नाही.

मग अशा कुजलेल्या घराची पिपला भुरळ का पडते?

खरं तर हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा. जाळ्यांनी भरलेला लग्नाचा केक, त्यातून पळणारे ठिपकेदार पायांचे कोळी, भिंतीमागे उंदीर, हे सगळं त्याने डोळ्यांनी बघितलंय. तरी लंडनहून साहेब होऊन परत येताना त्याच्या मनात काय चालू असतं, तर मिस हॅविशमनेच मला पैसा दिलाय, हे घर माझ्यासाठी राखून ठेवलंय, मी इथे ऊन आत घेईन, घड्याळं चालू करीन, गार चुली पेटवीन, जाळी काढून टाकीन आणि शेवटी राजकन्येशी, म्हणजे एस्टेलाशी, लग्न करीन. घराची घाण ही त्याला घाण वाटतच नाही, ती त्याला आपल्या पराक्रमासाठी ठेवलेली जागा वाटते! किती तरुण माणसं असं करतात, समोरच्याचं दुखणं म्हणजे आपल्याला हिरो व्हायची संधी असं धरून चालतात.

आता हे स्वप्न लक्षात ठेवून ४९वं प्रकरण वाचा. मिस हॅविशमच्या कपड्यांना शेकोटीची आग लागते, पिप तिला विझवायला स्वतःचे कोट टाकतो आणि त्या मोठ्या टेबलावरचं कापड खेचतो, त्यासरशी तो सडका केक आणि वरचा सगळा पसारा खाली येतो, कोळी आणि किडे जमिनीवर सैरावैरा पळतात. म्हणजे जाळी निघाली, टेबल साफ झालं, जे जे त्याने ठरवलं होतं ते झालं, पण दोन्ही हात भाजून आणि एका म्हातारीच्या किंकाळ्यांत. आणि मग तिला त्याच टेबलावर अंथरूण घालून निजवतात, मेल्यावर मला इथेच ठेवा असं ती पूर्वी काठीने दाखवायची तिथेच. तो ज्या बाईला वापरून राजपुत्र होणार होता तिला तो शेवटी फक्त एक भाजलेली म्हातारी म्हणून बघतो आणि माफ करतो. पिप मोठा होतो तो इथे.

ज्योच्या घराबद्दल मानाने कमी लिहिलंय असं वाटतं. का?

कारण पिपने तिकडे बघणं सोडून दिलं. १४व्या प्रकरणात तो सरळ सांगतो की आधी त्याला बैठकीची खोली म्हणजे दिमाखदार दिवाणखाना वाटायचा, पुढचं दार म्हणजे देवळाचं दार, आणि भट्टी म्हणजे मोठं होण्याचा झळाळता रस्ता. सॅटिस हाउसला जाऊन आल्यावर एका वर्षात सगळं गावंढळ आणि हलकं वाटायला लागलं. घरातली एक वस्तू इकडची तिकडे झालेली नाही! आपल्याच घराची लाज वाटणं ही किती वाईट गोष्ट आहे असं मोठा पिप तिथे म्हणतो, आणि ते वाचताना गलबलून येतं.

त्या घरातली मला सगळ्यात आवडती जागा सांगू का, ती छोटी बैठकीची खोली. ज्योची बायको, म्हणजे पिपची बहीण, महा कडक आणि स्वच्छतेची इतकी भोक्ती की तिच्या स्वच्छतेपेक्षा घाण परवडली. ही खोली वर्षातून फक्त नाताळला उघडायची, बाकी वर्षभर सगळं रुपेरी कागदात गुंडाळलेलं, शेल्फवरचे चिनीमातीचे चार पांढरे पूडल कुत्रेसुद्धा, प्रत्येकाचं नाक काळं आणि तोंडात फुलांची परडी. फुलं आहेत पण चिनीमातीची, आणि तीही झाकलेली. आता शेवटाकडे, सगळं गमावून पिप घरी येतो तेव्हा भट्टी बंद दिसते, हातोड्याचा आवाज नाही, त्याच्या पोटात गोळा येतो, आणि मग त्याला दिसतं की बैठकीच्या खोलीची खिडकी सताड उघडी आहे, पांढरे पडदे वाऱ्यावर हलतायत आणि खिडकीत फुलं. ज्यो आणि पिपची गावातली मैत्रीण बिडी यांचं त्या दिवशी लग्न झालंय. बहीण गेली, माफीही मागून गेली, आणि ती खोली एकदाची वापरात आली. दोन वाक्यांची जागा आहे, घाईत नजरेतून सुटते.

एक गोष्ट राहिली. ज्यो स्वतःही जागेची भाषा बोलतो. लंडनला पिपला भेटायला येतो तेव्हा त्याची टोपी सारखी शेल्फवरून घसरून पडते, तो ती पकडत बसतो, पिप लाजेने वैतागतो. निघताना ज्यो म्हणतो की मी या कपड्यात चुकीचा दिसतो, भट्टी, स्वयंपाकघर आणि दलदल सोडून कुठेही मी चुकीचाच, तू कधी आलास तर भट्टीच्या खिडकीतून डोकावून बघ, हातात हातोडा असलेला ज्यो तुला दिसेल, तेव्हा तुला माझ्यात एवढे दोष दिसणार नाहीत. अख्ख्या कादंबरीत आपली जागा कुठली हे एवढ्या शांतपणे माहीत असलेला दुसरा कुणी नाही.

लंडन इतकं घाणेरडं का दाखवलंय? पिपला तर तिथे जायचंच होतं.

म्हणूनच. गाव सोडताना सकाळचं धुकं वर उठलेलं असतं आणि पुढे सगळं जग पसरलेलं, आणि लंडनमध्ये उतरल्यावर काही वेळातच तो स्मिथफील्डच्या जनावरांच्या बाजारात पोचतो, चरबी, रक्त आणि फेस, आणि ती घाण अंगाला चिकटतेय असं त्याला वाटतं. तिथून वळतो तर सेंट पॉलचा मोठा घुमट दिसतो, पण एका काळपट दगडी इमारतीच्या मागून, आणि ती इमारत म्हणजे न्यूगेटचा तुरुंग. राहायची जागा बर्नार्ड्स इन, त्याला वाटलेलं मोठं हॉटेल असेल, निघतात बोक्यांचा अड्डा शोभावा अशा कळकट इमारती. लंडन त्याला पहिल्याच दिवशी सगळं सांगतं की बाबा रे इथला थाट आणि तुरुंग शेजारी शेजारी आहेत, तुझा पैसा कुठून आलाय ते बघ. तो ऐकत नाही.

जॅगर्सचं ऑफिस आणि घर यात काय फरक आहे?

जवळजवळ नाहीच, आणि हेच उत्तर आहे. ऑफिसला वरून एकच काचेचं झरोकं, शेल्फवर फाशी गेलेल्या दोन अशिलांच्या चेहऱ्यांचे साचे, आणि त्याच्या खुर्चीसमोरची भिंत तेलकट, कारण घाबरलेले अशील मागे सरकून सरकून तिला खांदे घासतात. तो काय दर्जाचा वकील आहे ते त्या डागावरून कळतं. घर सोहोमध्ये, मोठं पण दोनतीन खोल्याच वापरात, भिंतींच्या लाकडी फळ्यांवर कोरलेल्या माळा, आणि त्या माळांमध्ये उभा राहून तो पाहुण्यांचं स्वागत करतो तेव्हा पिपला त्या कसले फास वाटतात ते आपण समजायचं. अशील गेला की हा माणूस सुगंधी साबणाने हात धुतो, पण घरात काय येतं ते त्याला धुता येत नाही.

वेमिकचा वॉलवर्थचा किल्ला नुसता गंमत म्हणून आहे का?

गंमत आहेच, पण माझ्या मते कादंबरीतली सगळ्यात प्रेमळ जागा हीच. वेमिक हा जॅगर्सचा कारकून, ऑफिसात कोरडा ठणठणीत, तोंड पत्रपेटीच्या फटीसारखं. आणि त्याचं घर म्हणजे एक छोटंसं लाकडी खोपटं, वरती किल्ल्यासारखे बुरूज रंगवलेले, खोट्या गॉथिक खिडक्या, खरा ध्वजस्तंभ, आणि सुमारे ४ फूट रुंद आणि २ फूट खोल खंदकावर एक फळी, ती तो पूल म्हणून मोठ्या अभिमानाने वर ओढून घेतो. मागे डुक्कर, कोंबड्या, ससे, काकड्या. वेढा पडला तर तग धरू असा हिशोब.

रोज रात्री नऊला तो एक छोटी तोफ उडवतो. आधी वाटतं हा काय पोरकटपणा, पण आतमध्ये त्याचे म्हातारे वडील बसलेले असतात, ठार बहिरे, आणि त्या तोफेने घर हादरतं, कप आणि ग्लास किणकिणतात आणि म्हातारा आनंदाने ओरडतो की उडाली, मला ऐकू आली! बापाला ऐकू जावं म्हणून पोरगा रोज तोफ उडवतो. यापुढे वेमिकबद्दल काही सांगायला लागतं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघाल्यावर चालता चालता त्याचा चेहरा परत कोरडा होत जातो, तोंडाची फट घट्ट होत जाते. घर वेगळं, ऑफिस वेगळं, हा त्याचा नियम. मात्र एक बघा, त्या गोजिरवाण्या घरात त्याने गुन्हेगारांच्या वस्तूही जमवून ठेवल्यात, कुणी खोटी सही केलेला टाक, एखाद दुसरा वस्तरा. म्हणजे फळी वर ओढली तरी ऑफिस थोडं आत आलंच. एकाच माणसाचे असे दोन तुकडे करून जगावं लागणं हे मला दुःखाचं वाटतं. आणि पुढे जॅगर्सला कळतं की याला घर आहे, म्हातारा बाप आहे, तेव्हा तो कडक माणूससुद्धा क्षणभर विरघळतो आणि आपलीही कधी काही स्वप्नं होती असं सुचवतो.

मॅग्विचची स्वतःची जागा कुठली?

त्याला जागाच नाही. दलदलीत पळतो, तुरुंगाच्या जहाजावर साखळदंडात, मग ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सला हद्दपार. तिथे मेंढ्या पाळून तो पैसा करतो आणि त्याच पैशावर पिप जंटलमन होतो, पण ती जागा कादंबरी आपल्याला एकदाही दाखवत नाही, फक्त त्याच्या तोंडून ऐकू येते. ज्या मातीतून पैसा आला ती माती पिपने कधी बघितलीच नाही. आणि म्हणून ३९वं प्रकरण इतकं अंगावर येतं. पिप तेव्हा लंडनच्या टेम्पल या वकिलांच्या वस्तीत नदीकाठच्या शेवटच्या इमारतीत सगळ्यात वर राहतो, वादळी रात्र, वारा तोफा डागल्यासारखा किंवा समुद्र आदळल्यासारखा घरावर थडकतो, जिन्यातले दिवे विझलेले, अकराचे ठोके पडतात आणि जिन्यात पाऊल वाजतं. पहिल्या पानावरचा वारा आहे तो, लंडनपर्यंत आला शोधत. पिप दिवा घेऊन जिन्याच्या तोंडाशी येतो आणि खालून एक म्हातारा त्या उजेडात वर येतो, खोलीत येऊन कौतुकाने सगळीकडे बघतो, जणू इथल्या प्रत्येक वस्तूत आपला वाटा आहे. आणि आहेच. ज्याला आयुष्यभर घर मिळालं नाही तो दुसऱ्याच्या खोलीत आपलं घर बघतोय, आणि पिपला त्या क्षणी त्याची किळस येते.

ही ठिकाणं खरी आहेत का?

लंडनची नावं खरी आहेत. गावाकडचा भाग केंटमधल्या रॉचेस्टरच्या आसपासचा, डिकन्सचं बालपण तिथल्याच चॅटममध्ये गेलं आणि १८५६मध्ये त्याने जवळच गॅड्स हिल प्लेस हे घर घेतलं. कूलिंग गावच्या चर्चजवळ लहान मुलांची तशीच छोटी थडगी आहेत, तिथे १३ आहेत, कादंबरीत त्याने पाचच ठेवली. सॅटिस हाउससाठी रॉचेस्टरचं रिस्टोरेशन हाउस त्याच्या डोळ्यापुढे होतं असं मानतात, नाव मात्र तिथल्याच दुसऱ्या एका घराचं उचललं.

प्रत्येक खुर्चीत आणि खिडकीत अर्थ शोधणं अति नाही का होत?

होतं कधी कधी. माझी एक साधी कसोटी आहे, ती वस्तू किंवा जागा परत येते का ते बघायचं. धुकं परत येतं, नदी परत येते, ज्योची खोली परत येते. ब्लू बोअर ही गावातली खानावळ घ्या, पैसेवाला पिप आला की नेहमीची चांगली खोली, आणि कंगाल होऊन आला की मागच्या आवारात कबुतरं आणि घोडागाड्यांच्या शेजारची कसलीतरी खोली. एकदाच आली असती तर ती नुसती खानावळ होती. निबंध लिहिणाऱ्यांनाही हेच सांगेन की ‘अंधार म्हणजे दुःख’ असं एका ओळीत उरकू नका, एकच जागा घ्या, ती पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा कशी दिसते ते शेजारी शेजारी ठेवा आणि मधल्या काळात बघणाऱ्याला काय झालं ते लिहा.

दोन शेवट आहेत म्हणतात. त्यात जागेचा काय संबंध?

सगळा संबंध जागेचाच आहे. आधी लिहिलेल्या शेवटात पिप आणि एस्टेला लंडनच्या पिकॅडिली रस्त्यावर भेटतात, ती गाडीत, तो ज्योच्या छोट्या मुलाला घेऊन पायी. तिने दुसरं लग्न केलंय, दोन शब्द होतात, ती मुलाला उचलून घ्यायला सांगते, पापा घेते आणि संपलं. मग बुल्वर-लिटन या लेखक मित्राने सांगितल्यावरून डिकन्सने तो बदलला आणि दोघांना सॅटिस हाउसच्या जागेवर आणलं. अनेकांना पहिला जास्त खरा वाटतो, कडू आहे म्हणून. मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण रस्त्यावर दोघांचंही काही नाही, तिथे कुणीही कुणालाही भेटतं.

दुसऱ्या शेवटात घर नाही, ब्रुअरी नाही, लिलावात सगळं पाडून विकलं गेलंय, फक्त बागेची भिंत उरलीय आणि ढिगाऱ्यांच्या उंचवट्यांवर जुन्या आयव्हीने नव्याने मूळ धरलंय. ते उंचवटे वाचताना मला पहिल्या पानावरची थडगी आठवतात. संध्याकाळचं धुकं वर उठतं, आणि पिपला आठवतं की घर सोडलं त्या सकाळी धुकं असंच उठलं होतं. दोघं एका बाकावर बसतात. एस्टेला सांगते की बाकी सगळं गेलं, एवढी जमीन तेवढी मी सोडली नाही. इथे काही बांधणार आहेत का असं तो विचारतो, आणि ती म्हणते की हो, आता शेवटी बांधणार आहेत.